लक्कम्माचं माप

२०२५ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन पोरं मोटारसायकलवर दुकानात आली. मागच्याच्या मांडीवर खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला मॉनिटर, वरून पावसाची भुरभुर. "सर, एका कोपऱ्यात पिवळं दिसायलंय, बघा की."

पिवळं मला काही दिसलं नाही. केबल जोडून सेटिंग उघडलं तर वेगळंच निघालं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा, आणि चालत होता ६० वर. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा त्याला ६० वरच बसवतं. आत जाऊन हातानं आकडा बदलावा लागतो. मॉनिटर ज्याचा, त्या पोरानं तो बदललाच नव्हता. घेऊन आठ महिने झालेले. या आठ महिन्यांत उदगीरच्या कॉलेजातल्या कितीतरी मित्रांना घरी आणून त्यानं तो दाखवला होता, आणि ६० नि १४४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, डोळ्याला लगेच कळतो, असं छातीठोक सांगितलं होतं. माझ्यासमोर उभा राहूनही सोबतच्या पोराला तो तेच सांगत होता.

माझा हात माउसवर तसाच राहिला. सांगावं का ह्याला?

मी सांगितलं. आकडा बदलला, माउस त्याच्या हातात दिला. त्यानं पडद्यावर बाण गोल गोल फिरवला, एक खिडकी धरून इकडून तिकडं ओढली, आणि हसला. मग हसू हळूहळू मावळलं. "म्हणजे सर, आठ महिने मी काय बघत होतो?"

मला उत्तर आलं नाही, अजून पुरतं आलेलं नाही. त्याचा आनंद खोटा होता म्हणावं तर त्यानं तो खरोखर भोगला होता. खरा म्हणावं तर ज्या गोष्टीचा आनंद, ती पडद्यावर नव्हतीच. वेदान्तात शिंपल्याला चांदी समजणाऱ्या माणसाचा दाखला असतो. इथं तर शिंपला घरी नेऊन, फडताळात ठेवून, पाहुण्यांना दाखवून आठ महिने सुखात गेले होते, आणि मी सोनार होऊन मध्ये पडलो. बरं, दाखलाही पुरा बसत नाही. कारण चांदी खरंच होती, फक्त मुखवट्याखाली. ज्ञान झालं म्हणजे माणूस मोकळा होतो असं आम्ही ऐकत आलो. हे पोरगं मोकळं काही झालं नाही. तीन आठवड्यांनी ते ग्राफिक्स कार्ड विचारायला आलं.

त्याचं असं झालं. व्हॅलोरंट हलका गेम. त्याच्या जीटीएक्स १६५० वर आरामात १४४ च्या वर जातो. तिथं आता लोण्यासारखं चालत होतं. पण जीटीए फाइव्हमध्ये तेच कार्ड सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर फ्रेम, म्हणजे चित्रं, देतं. पोळ्यापर्यंत हेच त्याला गुळगुळीत वाटत होतं, किंबहुना ६० च्याच दिसत होत्या. आता डोळ्याला १४४ ची सवय लागली आणि सत्तर 'लॅग मारायला' लागले. कार्ड तेच, गेम तोच, वीज तीच. बिघडलं होतं ते माझ्या एका वाक्यानं. आणि त्या बिघाडाच्या दुरुस्तीचे पैसेही मलाच मिळणार होते.

मी जळकोटात वीसेक वर्षं हेच करतोय. आधी एमएस-सीआयटीचा क्लास होता, म्हणून आजही सगळे 'सर' म्हणतात; क्लास मंदावला तसं असेंबल आणि रिपेअर. जळकोट म्हणजे लातूर जिल्ह्यातलं, उदगीरच्या पलीकडचं. हे सांगावं लागतं, कारण तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आणखी एक जळकोट आहे, आणि आमची पार्सलं कधीमधी तिकडं दर्शन घेऊन येतात. एकदा एका पोराचा प्रोसेसर असाच नऊ दिवस फिरत राहिला. पहिले तीन दिवस तो रोज दोनदा यायचा. पाचव्या दिवशी एकदा. पार्सल आलं तेव्हा मला फोन करून त्याला बोलवावं लागलं; पोरगं जुन्याच मशिनीवर एक जुना गेम परत पहिल्यापासून खेळण्यात गुंगलं होतं. तेव्हापासून कुणी घाई करायला लागला की 'दुसऱ्या जळकोटाला जाऊ दे की त्याला आधी' असं मी म्हणतो. पोरांना तो विनोद वाटतो.

तर कार्ड. पोरं विचारतात, सर, अपग्रेड करू का? मी म्हणतो, आधी कोण थकलंय ते बघू. गेम लावायचा, फ्रेम मोजायच्या. मग रिझोल्यूशन खाली आणायचं, १०८० वरून ७२०. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड थकलेलं. वाढल्याच नाहीत तर कार्ड बिचारं मोकळं बसलंय, प्रोसेसर घाम गाळतोय. अशा वेळी नवं कार्ड घालणं म्हणजे एका मरतुकड्या बैलाशेजारी खिल्लार जुंपणं. आणि खूपदा थकलेलं कुणीच नसतं. मळणीच्या दिवसांत गावभर भुसा उडतो, तो पंख्यांतून आत जाऊन हीटसिंकवर गोधडीसारखा बसतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झालेली असते. मशीन तापलं की स्वतःच वेग कमी करतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीपार गेला की अशी मशिनी रांगेनं येतात. ब्लोअर मारायचा, पेस्ट लावायची, रॅमची एकच कांडी असली तर जोडीची दुसरी घालायची. तीसेक हजारांचं दुखणं हजार-दोन हजारांत बरं होतं. त्या दिवशी बायको विचारते, आज काय झालं, गल्ला हलकाच?

कधीकधी मशीन खरंच थकतं, नव्हे, त्याला दाराशी अडवलं जातं. २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा गेम आणि २०२५ च्या मे महिन्यातला नवा डूम रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरण मोजून चित्र काढण्याची, सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. सावकाश चालणं वेगळं आणि आत न घेणं वेगळं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर रीतसर स्वीकारत नाही. तिथं समाधानाच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. पाय मावत नसलेली चप्पल बदलण्याला कुणी तृष्णा म्हणत नाही.

पण या पोराचं तसं नव्हतं. त्याच्यासाठी मी कागदावर हिशोब मांडला. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंद डोळ्यासमोर. ६० झाल्या की १६.७; म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद वाचले. ६० वरून १४४ वर गेलं की चित्र ६.९ वर येतं, वाचले दहाच्या आत. १४४ वरून २४० वर गेलं की ४.२, वाचले तीनपेक्षाही कमी. आकडा वाढत जातो आणि हातात पडणारं घटत जातं, किंमत मात्र चढत जाते. पोरगं कागद बघत राहिलं. मग म्हणालं, "पण सर, वाचतात ना?"

वाचतात. खोटं कसं सांगू?

आणि एक कार्ड एकटं येत नाही. पोराच्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, स्वस्तातला, लेबलवर ४५० वॉट लिहिलेला. ते लेबल लिहिणाऱ्यालाच माहीत काय आहे ते. म्हणजे आधी तो बदला. मग त्याचा आय३-१०१००एफ नव्या कार्डाला पुरा पडणार नाही. त्या सॉकेटमध्ये बाराव्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही, म्हणजे बोर्ड बदला. बोर्ड नवा घेतला की रॅम डीडीआर४ ठेवायची की ५ घ्यायची. एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट निराळी होती. २०१७ मध्ये घेतलेल्या कितीतरी बोर्डांत नुसतं बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. जुन्या वाड्यात तिसरी पिढी नांदावी तसा. अशा मालाचं मला फार अप्रूप आहे. धंद्याला तो वाईट, एवढं मात्र खरं.

दिवाळीच्या तोंडावर पोराचा बाप सोबत आला. कोरडवाहू शेती, त्या साली पावसानं सोयाबीन शिवारातच सडलेलं. तीस हजारांचं कार्ड म्हणजे तेव्हाच्या ५,३२८ च्या हमीभावानं साडेपाच क्विंटलाहून जास्त सोयाबीन, आणि हमीभाव तरी कुणाच्या हातात पुरता पडतो. बाप म्हणाला, "सर, ह्याला तुम्हीच सांगा. आहे त्यात समाधान मानावं माणसानं."

वाक्य बरोबर होतं. पण मला आठवलं, आदल्या वर्षी याच माणसानं ३५ एचपीचा ट्रॅक्टर देऊन ४५ चा घेतला होता. जुन्याला रोटाव्हेटर ओढवेना म्हणून. कारण चोख होतं, आणि कर्जही चोख झालं होतं. समाधान हा शब्द मी आजवर ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकला तो दुसऱ्यासाठीच. बापाचा पोरासाठी, मठातल्या महाराजांचा आमच्यासाठी, माझा गिऱ्हाइकांसाठी. खेळ ही नड नाही, ट्रॅक्टर ही नड आहे, हे बापाचं म्हणणं मला मान्य आहे, पण अर्धंच. एकोणीस वर्षांच्या पोराला संध्याकाळी सात वाजता जळकोटात जायला कोणतं ठिकाण आहे, हे मला कुणी दाखवावं. आपल्या दोन खोल्यांतून ते एका अख्ख्या शहरात गाडी पळवत हिंडतं. त्याला मी हाव म्हणायला तयार नाही.

मग माप कुठलं? इथं मला माझ्या आजीची लक्कम्मा आठवते.

आजी भालकीकडची. घरात मराठी, पण देवाचं बोलायचं झालं की तिची जीभ कानडीकडं वळायची. भालकीच्या पुढं बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवण्णांचा अनुभव मंटप, म्हणजे शिवभक्त शरणांची सभा, भरला तो तिथं. तिथल्या शरणांत मारय्या आणि त्याची बायको लक्कम्मा. मारय्याचं कायक, म्हणजे पोटापाण्याचं काम आणि पूजाही तीच, अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचायचं. म्हणून ती दोघं आयदक्की. कानडीत वेचलेल्या तांदळाला असंच काहीसं म्हणतात. वेचलेल्या दाण्यांचा भात, त्यातूनच जंगमांचा दासोह, म्हणजे फिरत्या साधूंना जेवण. एक दिवस मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणला. कुणी म्हणतं बसवण्णांनीच परीक्षा म्हणून मुद्दाम जास्त सांडले होते. लक्कम्मानं नुसतं बघितलं आणि ओळखलं. म्हणाली, एवढा कशाला? जास्तीचा आहे तो होता तिथं टाकून या. आणि मारय्या परत गेला.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला मारय्याची कीव यायची. दाणे काही चोरलेले नव्हते, कुणाच्या तोंडचे काढलेले नव्हते. आज दुकानात बसून मला त्या गोष्टीतली वेगळीच गंमत दिसते. लक्कम्माला जास्तीचं ओळखू आलं कसं? कारण माप तिच्याजवळ आधीपासून होतं. तांदूळ घरात आल्यावर, त्याच्याकडं बघत, तिनं माप ठरवलं नाही. आम्ही सगळे उलटं करतो. आधी नवं कार्ड बघतो, त्याचे व्हिडिओ बघतो, आणि मग आपली गरज किती ते ठरवतो. त्या मापात कार्ड नेमकं मावतं!

म्हणून मी गेली काही वर्षं पोरांना एक चिठ्ठी लिहायला लावतो. मशीन नवीन असताना, पोरगं खुशीत असतानाच. कोणते गेम, कोणत्या रिझोल्यूशनवर, किती फ्रेम मिळाल्या की तुझं भागतं, खाली तारीख. चिठ्ठ्या माझ्या ड्रॉवरात. पोरगं अपग्रेड मागत आलं की चिठ्ठी काढायची. चिठ्ठीतलं मिळेनासं झालं असेल तर खुशाल बदल. मिळत असेल तर चहा पी आणि घरी जा.

माझे एक मित्र आहेत, निवृत्त शिक्षक, बौद्ध, पालीचे अभ्यासक. त्यांनी ही युक्ती ऐकली आणि दोन मिनिटांत तिला भोक पाडलं. म्हणाले, लक्कम्माचं माप पोटानं ठरवलेलं होतं. पोट भरलं की नको म्हणतं. डोळा कधी नको म्हणतो का? तुमच्या चिठ्ठीवरचा आकडा त्या पोरानं हवेतून काढलाय. ६० का, ७५ का नाही?

बरोबर आहे. हवेतूनच काढलाय. मी दोन दिवस यावर विचार केला आणि मला एवढंच सुचलं, की लक्कम्माचंही माप निव्वळ पोटाचं नव्हतं. उद्याचं वेगळं पोट होतं, परवाचं होतं, पाहुणे होते. तिला साठवायची कारणं आपल्याइतकीच होती. तिनं 'आजच्या पुरतं' अशी रेघ ओढली, आणि ती रेघ काही निसर्गानं आखून दिलेली नव्हती. रेघ माणसानंच ओढायची असते. फक्त ती भुकेल्या नजरेनं ओढू नये. मित्र म्हणाले, हे उत्तर नाही, पळवाट आहे. असेल.

त्याच मित्रांनी मला मिलिंद राजाचा रथ सांगितला. भिक्खू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाक का, जू का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो; मग रथ आहे कुठं? हे त्यांनी सांगितलं माझ्या टेबलाखालच्या मशीनकडं बघत. ते मी २०१२ मध्ये जोडलेलं. आय५-२४००, डीडीआर३. त्यानंतर हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली, एसएमपीएस दोनदा बदलला, बोर्ड विजेच्या झटक्यानं गेला तेव्हा तसाच जुना शोधून आणला, कार्ड बदललं. मूळचं म्हणाल तर पत्र्याचं कॅबिनेट आणि प्रोसेसर. तरी मी गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगतो, माझं बघा, त्याच मशीनवर तेरा वर्षं. मित्र हसून म्हणाले, तुम्ही नवं घेत नाही ते गरज नाही म्हणून, की हे वाक्य म्हणता यावं म्हणून?

मला ते लागलं. जुनं धरून बसण्यातही एक मिरवणं असतं, त्या पोराच्या मॉनिटरसारखंच.

आणि माझी पेटी. दुकानाच्या मागच्या खोलीत लग्नातली पत्र्याची पेटी आहे. वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी बदललेला माल तिच्यात. रॅमच्या कांड्या, पंखे, केबली, मेलेली कार्डं. 'कधीतरी लागेल' हा तिचा मंत्र. एकदा लागलंही. २०२१ मध्ये क्रिप्टोचं खाणकाम आणि चिपची टंचाई यांनी बाजारातली कार्डं गायब केली. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरपर्यंत जाऊन पोरं हात हलवत परत येत होती. तेव्हा मी पेटीतलं जुनं १०५० टीआय, मूळ खरेदीपेक्षा जास्त किमतीला विकलं. घेणारा खूश होता, देणारा खूश होता, आणि तरी तो पैसा मी बायकोला लगेच सांगितला नाही. कायक म्हणजे काम हीच पूजा, हे मला कळतं. पण ज्याचं कामच लोकांच्या असमाधानावर चालतं, त्यानं पूजा कुठं मांडायची, हे आजीनं सांगितलं नव्हतं.

पोराकडं वळतो. मी त्याला कार्ड दिलं नाही. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ७० ला बांधून दिली, कारण एकदम ९० आणि एकदम ५५ असं होतं तेव्हा डोळ्याला जास्त बोचतं. एकसारखे ७० सुसह्य वाटतात. एक-दोन सेटिंगं खाली आणली. मग कोरा कागद पुढं केला. त्यानं लिहिलं: जीटीए फाइव्ह, १०८०, ७०. तारीख घातली. कागद माझ्याकडं सरकवत म्हणाला, "सर, तुमची चिठ्ठी कुठंय?"

"माझं मशीन तेरा वर्षांचं आहे," मी म्हणालो.

"मशीनचं नाही. त्या पेटीचं."

त्यानं रॅम शोधताना मागची खोली पाहिली होती.

डिसेंबरात एका रविवारी मी पेटी उघडली. डीडीआर३ च्या एकतीस कांड्या निघाल्या. एकेक लावून तपासायला दोन रात्री गेल्या; चालू निघाल्या एकोणीस. तालुक्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच पिढीची मशिनी आहेत, दोन जीबीवर कण्हत पडलेली. सोळा तिथं बसवून आलो. शाळेनं नारळ दिला. तीन उरल्या, त्या माझ्याच मशीनला कधीतरी लागतील म्हणून ठेवल्या.

पेटीत डीडीआर४ च्याही सहा होत्या. त्याच सुमारास जगभर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढायला सुरुवात केली होती आणि रॅमचे भाव आठवड्यागणिक चढत होते. त्या सहा मी पुसून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, परत पेटीत ठेवल्या. कुलूप नव्हतं, ते आणलं.